मोठ्या दुकानातला पहिला दरमहा

विरारहून डहाणूकडे जाणारी गाडी पालघर सोडून उमरोळीचे लहानसे स्थानक मागे टाकते आणि बोईसर अजून यावयाचे असते, त्या दरम्यान लोहमार्गाच्या पूर्वेस बेटेगावची हद्द लागते. भातखाचरे, गवताचे माळ आणि आदिवासी पाडे यांचा हा टापू गेल्या साठ वर्षांत ज्या क्रमाने पालटत गेला, तो क्रम ध्यानी घेतल्यावाचून या प्रकरणाच्या विषयाचे मर्म हाती लागणार नाही. प्रथम, १९६९ साली, पश्चिमेकडील तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले. औद्योगिक वसाहत उभी राहून तीत रसायनांचे, औषधांचे, कापडाचे आणि पोलादाचे कारखाने आले. २००९ साली टाटा हाउसिंगने खुद्द बेटेगावात ‘शुभ गृह’ या नावाने अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधावयास काढली, ज्यांतील सर्वांत लहान घराची किंमत चार लाखांच्या किंचित आत होती. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. महिन्याच्या ठरल्या तारखेस ज्यांच्या घरी पगार येतो अशी कुटुंबे एका ठिकाणी इतक्या संख्येने एकवटली, की किराणा, कपडे, भांडीकुंडी आणि मोबाइल एका छपराखाली विकणारी साखळीदुकाने तेथे येतातच. आणि दुकान आले की त्याच्या फळ्या भरणारी, बिल करणारी, दाराशी पावती तपासणारी आणि गोदामात पेट्या उतरवणारी माणसेही त्याच पंचक्रोशीतून उभी राहतात.

या माणसांचा पहिला दरमहा इतका अल्प का, आणि तो अल्पच का राहतो, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की कामगाराला याहून खाली ढकलता येऊ नये म्हणून शासनाने जी शेवटची मर्यादा आखून दिली, तीच मोठ्या किरकोळ व्यापाराने आपला प्रचलित दर म्हणून स्वीकारली आहे. आणि ज्याला आरंभीचा पगार म्हणावयाचा, तो दुकानाच्या रचनेमुळे बहुसंख्य कामगारांच्या बाबतीत अखेरचाही ठरतो.

कामाचा दर कोणी ठरवावा, हा वाद या जिल्ह्याला नवा नाही. पालघरचा हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात असताना, स्वातंत्र्याच्या अगोदरच्या काळात, डहाणू-तलासरी भागातील वारली जमीनदाराच्या आणि लाकूडव्यापाऱ्याच्या घरी वेठीस राबत, आणि पावसाळा सरल्यावर गवत कापणीला किती द्यावयाचे हे सर्वस्वी सावकाराच्या मर्जीवर असे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली, आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध जी चळवळ उभी केली, तिच्यात त्या वर्षीच्या कापणीसाठी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये असा दर निश्चितपणे मागण्यात आला. त्या दरासाठी पुकारलेल्या संपाच्या ऐन भरात, १० ऑक्टोबर १९४५ रोजी, तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या व पाच माणसे प्राणास मुकली. तरी संप मोडला नाही. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या आपल्या ग्रंथात गोदावरीबाईंनी या साऱ्या कालखंडाचे कथन केले आहे. मला त्यातील सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते ती ही, की ज्यांना अक्षरओळख नव्हती आणि वजनकाटा ज्यांच्या हाती कधी दिला गेला नव्हता, त्यांनी दयेची याचना न करता वजन आणि रक्कम या दोहोंचा उच्चार करून करार मागितला. आज त्याच जिल्ह्यातील बारावी उत्तीर्ण झालेली मुलगी साखळीदुकानात मुलाखतीला जाते तेव्हा तिला दर सांगितला जातो, विचारला जात नाही, आणि घरी आल्यावर आई, मावशी, शेजारीण सर्व जणी एकच प्रश्न करतात: “हातात किती येणार?”

त्या प्रश्नाचे उत्तर ज्या कायद्यात वर्षानुवर्षे दडलेले होते, तो किमान वेतन अधिनियम वारल्यांच्या संपानंतर तीनच वर्षांनी, १९४८ साली, झाला. त्याच काळात नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने वेतनाच्या तीन पातळ्या मानल्या होत्या: ज्याच्याखाली जाणे कोणत्याही धंद्याला क्षम्य नाही ते किमान वेतन, धंद्याची ऐपत पाहून ठरावयाचे ते न्याय्य वेतन, आणि ज्यात माणूस सन्मानाने जगतो, मुलांना शिकवतो व म्हातारपणासाठी काही शिल्लक टाकतो ते निर्वाह वेतन. संविधानाच्या ४३व्या अनुच्छेदाने राज्यसंस्थेपुढे ध्येय ठेवले ते या तिसऱ्या पातळीचे. पुढे १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरवून दिले. कमावत्यामागे तीन उपभोग-घटक, प्रत्येकी २,७०० उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षास ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक वसाहतीच्या दराने घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा, असे ते माप होते; रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ व वार्धक्य यांसाठी आणखी २५ टक्के धरावयास सांगितले. म्हणजे तत्त्वाच्या बाजूने पाहता आपल्या देशात कसलीही वाण नाही. हयगय होते ती तत्त्वाचे रुपयांत रूपांतर करण्याच्या वेळी. केंद्र सरकारने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ साली दिवसाला ३७५ रुपये हा राष्ट्रीय किमान दर सुचविला, तोही आहाराचे माप २,७०० वरून २,४०० उष्मांकांवर आणून. राष्ट्रीय तळवेतन म्हणून प्रत्यक्षात जाहीर झाले ते मात्र १७८ रुपये.

महाराष्ट्राची स्थिती याहून बरी आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी राज्याने २४ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने पहिल्या परिमंडळात अकुशल कामगारास दरमहा १०,०२१ व कुशल कामगारास ११,६३२ रुपये मूळ वेतन ठरविले, आणि त्यावर महागाईच्या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता वाढत जातो. परंतु त्यापूर्वीची सुधारणा जुलै २०१० ची होती, जिच्यात अकुशलाचे मूळ वेतन ५,००० रुपये होते. कायद्याने पुनर्विलोकनाला पाच वर्षांची कमाल मुदत घातली असता मध्ये नऊ वर्षे गेली. या पाच हजारांशी बेटेगावातील त्या सर्वांत लहान घराची तुलना करून पाहावी: खाण्यापिण्यावर एकही पैसा न खर्चता पगार जसाच्या तसा बाजूला ठेवला, तर घराची किंमत उभी राहावयास साडेसहा वर्षे लागली असती, आणि ते घर तर अल्प उत्पन्नाच्या माणसासाठीच बांधलेले होते.

परिमंडळाची गोष्ट बेटेगावच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. राज्याची वाटणी ढोबळ मानाने अशी, की महानगरपालिकांचा प्रदेश पहिल्या परिमंडळात, नगरपरिषदांचा दुसऱ्यात, आणि उर्वरित महाराष्ट्र तिसऱ्यात. जसजसे खाली यावे तसतसे मूळ वेतन कमी. गावात राहणे स्वस्त, या गृहीतावर ही रचना उभी आहे, आणि ज्या काळी गाव म्हणजे स्वतःचे शेत, परसातली भाजी व वडिलोपार्जित घर असे, त्या काळी ती अयोग्यही नव्हती. बोईसरचा कारभार मात्र, लाखावारी कामगारांची ये-जा असूनही, वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीच्या दफ्तरातून चालत आला. उत्तर प्रदेश, बिहार, खानदेश, विदर्भ येथून कारखान्यांसाठी आलेल्या माणसांमुळे खोलीचे भाडे शहराच्या चालीने वाढले. गॅस सिलिंडर, तूरडाळ, मोबाइलचे रिचार्ज यांना परिमंडळ ठाऊक नाही. आणि साखळीदुकान तर बोईसरला व बोरिवलीला बहुतेक माल त्याच छापील किमतीच्या आधाराने विकते. विक्रीच्या बाजूने जो प्रदेश शहर, तोच वेतनाच्या बाजूने खेडे मानला जावा, ही विसंगती शासनाने लवकरात लवकर दूर करावयास हवी.

आता ‘हातात किती’ याचा हिशेब मांडू. सोयीसाठी मूळ वेतन व विशेष भत्ता मिळून १३,००० रुपये धरू. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे १,५६० रुपये जातात. कर्मचारी राज्य विम्याचे पाऊण टक्का, म्हणजे ९८. पुरुष असल्यास व्यवसाय कराचे २००, जो स्त्रियांना २५,००० पर्यंतच्या वेतनावर माफ आहे. मुलीच्या हाती ११,३४२ पडतात, मुलाच्या हाती ११,१४२. निधी व विमा या कपाती कामगाराच्याच हिताच्या आहेत आणि ‘पीएफ कापू नका, रोख द्या’ अशी जी मागणी कधी कधी कामगारच करतात ती आत्मघाताची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे; तरी ही दूरची पुंजी आजच्या चुलीवर ठेवता येत नाही, हेही खरे. खोलीभाडे तीन-साडेतीन हजार, स्टेशनपासून दुकानापर्यंतची शेअर रिक्षा, दुपारचा डबा घरून आणला तरी चहापाणी, आणि गावी धाडावयाचे दोन-तीन हजार. एवढ्यात महिना संपतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर एका दिवसाचे मोल ५०० रुपये. भरपगारी रजा संपलेली असताना मूल तापाने फणफणले आणि एक खाडा पडला, की तेवढे वजा.

अधिसूचनेतील अकुशल, अर्धकुशल आणि कुशल ही वर्गवारी या पगाराचे दुसरे कारण. बिलिंगवर बसणारी, अथवा बहुधा उभी असणारी, मुलगी दिवसाकाठी शेकडो ग्राहकांचा माल स्कॅन करते, रोख मोजते, यूपीआयचे पैसे जमा झाले की नाही हे पाहते, सवलतीची योजना मराठीत, हिंदीत आणि प्रसंगी गुजरातीत समजावून सांगते, आणि रात्री गल्ल्यात शॉर्टेज निघाली तर जबाबही देते. फळी भरणाऱ्याला कोणता माल कोणत्या तारखेस बाद होतो, कोणता पुढे घ्यावयाचा, कोणत्या वस्तूचा साठा संपत आला, याचे भान सतत ठेवावे लागते. या कामाला पूर्वतयारी लागत नाही असे म्हणणे म्हणजे, जे कौशल्य शाळेने दिले नाही ते कौशल्यच नव्हे असे मानणे होय. देहाचा शीण तर वेगळाच. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दिवसास नऊ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामास दुप्पट मोबदला अशी तजवीज केली, व दुकानांना वर्षाचे ३६५ दिवस उघडी राहण्याची मुभाही दिली. परंतु उभे राहण्याचे काय? केरळात कापडदुकानांतील स्त्रियांनी दीर्घकाळ लढून २०१८ साली बसण्याचा हक्क कायद्यात लिहवून घेतला, तमिळनाडूने २०२१ साली तेच केले. आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा व्हावी तशी झालेली नाही.

यावर असा प्रश्न येतो की, इतके कष्ट आणि इतका अल्प मोबदला असूनही उमेदवारांची रांग का लागते. तारापूरच्या परिसरात याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. रसायनांच्या कारखान्यात वास, ऊष्मा आणि स्फोटाची धास्ती असते, कंत्राटी कामगाराची पाळी बहुधा लांब असते, आणि आईबाप मुलीला तेथे धाडावयास राजी नसतात. उलट दुकान स्वच्छ, उजेडाचे, वातानुकूलित, वर्दळीच्या रस्त्यावरचे. घरच्यांच्या दृष्टीने ही सुरक्षितता पगाराचाच एक भाग असते, आणि मालक तिची किंमत पगारातून वळती करून घेतो. शिवाय जवळपास असे दुकान दुसरे एखादेच असल्यामुळे, दर न पटल्यास जावयाचे कोठे? जोन रॉबिन्सन या इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १९३३ साली दाखवून दिले, की जेथे मजूर घेणारे थोडे व देणारे पुष्कळ असतात, तेथे वेतन कामाच्या खऱ्या मोलाखाली स्थिर राहू शकते. किमान वेतन वाढविले की नोकऱ्या घटतात, हा आक्षेपही तपासला गेला आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये तासाचा किमान दर ४.२५ वरून ५.०५ डॉलरवर नेला, तेव्हा डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करून ४१० खाद्यगृहांची पाहणी केली, आणि रोजगार घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यांच्या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले. तरी कार्ड यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच श्रमविषयक संशोधनासाठी.

मोठ्या दुकानांत आणखी एक पडदा असतो, तो ठेकेदाराचा. अंगावर गणवेश कंपनीचा, पगाराची पावती मात्र मनुष्यबळ पुरविणाऱ्या एजन्सीची. आणि विशिष्ट साबण वा चहा खपविण्यासाठी उभी असलेली प्रमोटर मुलगी तर त्या मालाच्या कंपनीच्या वतीने नेमलेली. वर्षे मोजली जात नाहीत, कारण ठेका बदलला की हजेरी नव्याने सुरू होते. महाराष्ट्राने अशाच एका समस्येवर पूर्वी उपाय काढला होता. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांनाही एक मालक नव्हता. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि मालकांनी मजुरी व तिच्यावरील ठराविक टक्क्यांची लेव्ही माथाडी मंडळात भरावी, मंडळाने कामगारास मजुरी, भविष्य निधी, बोनस व रजेचे पैसे द्यावेत, अशी व्यवस्था उभी राहिली. बाजार समितीत पोते उतरविणाऱ्याला जे संरक्षण अर्धशतकापूर्वी लाभले, ते त्याच पोत्यातील डाळ पाकिटांत भरून फळीवर लावणाऱ्या त्याच्या नातीला का लाभू नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

कंपन्यांचे म्हणणे असे असते, की हा केवळ आरंभ आहे; निष्ठेने काम करणारा वर चढतो. काही जण चढतातही, आणि फळीवरून सुरुवात करून दुकानाचा व्यवस्थापक झालेली माणसे मिळतात. पण ज्या दुकानात दोनशे माणसे काम करतात तेथे विभागप्रमुखाच्या जागा दहा-पंधरा आणि व्यवस्थापकाच्या एक-दोन असतात. या जिन्याला पहिल्या पायरीनंतर एकदम माडीच आहे. उरलेल्यांना वर्षअखेर जी वाढ मिळते ती बरेचदा विशेष भत्त्याच्या सरकारी वाढीएवढी, म्हणजे महागाईची भरपाई. परिणामी दोन वर्षांनी मुलगा कंटाळून कारखान्यात जातो किंवा पार्सल पोहोचविण्याच्या कामाला लागतो, मुलीचे लग्न होते, आणि त्यांच्या जागी येणारा नवा उमेदवार पुन्हा त्याच आरंभीच्या दरावर रुजू होतो. अनुभवाचे मोल द्यावे लागू नये अशी ही रचना आपोआप घडलेली असो वा योजून केलेली असो, तिचा जमाखर्च सारखाच.

ही रचना अटळ मात्र नाही. अमेरिकेत वॉलमार्टने २०१५ साली आपला किमान तासदर ९ डॉलर व पुढच्या वर्षी १० डॉलर केला, तेव्हा संघीय कायद्याचा दर ७.२५ होता आणि कंपनीवर तशी सक्ती नव्हती. नफ्याचा अंदाज खाली आणताच त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचा समभाग एका दिवसात सुमारे दहा टक्क्यांनी कोसळला. तरी दर मागे घेतला गेला नाही, आणि २०२३ साली तो १४ डॉलरवर गेला. माणसे टिकली की दुकान नीट चालते, हे तिला अनुभवाने पटले असले पाहिजे. आपल्याकडे १९४८ साली मुंबईच्या नायगावात गिरणी कामगारांनी सहकारी तत्त्वावर जे भांडार काढले, ज्याचे पुढे ‘अपना बाजार’ झाले, त्यामागेही ग्राहक आणि श्रमिक हे एकाच चाळीत राहतात, हा विचार होता.

आता खर्चाकडे वळू, कारण ऐपतीचा मुद्दा टाळून चालणार नाही. डी-मार्ट दुकाने चालविणाऱ्या अव्हेन्यू सुपरमार्ट्स या कंपनीने २००२ साली पवईला पहिले दुकान उघडले आणि २०१७ साली भागबाजारात नोंदणी केली. तिच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत दुकानाच्या दर चौरस फुटामागे वर्षाला ३०,००० रुपयांहून अधिक विक्री दिसते आणि निव्वळ नफा विक्रीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो. किती कामगारांना नेमके किमान वेतनच मिळते व कितींना त्याहून अधिक, हे सांगणारा तक्ता २०२२-२३ पासून सेबीने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक केला आहे, आणि तो कोणाही वाचकाला पाहता येतो. कार्यक्षम साखळीचे विक्रीचे व नफ्याचे हे आकडे घेऊन ३०,००० चौरस फुटांचे व दोनशे कामगारांचे एक दुकान कल्पनेने उभे करू. त्याची वर्षाची विक्री ९० कोटी, महिन्याची साडेसात कोटी. प्रत्येक कामगाराचे वेतन ३,००० रुपयांनी वाढविले, तर मालकाच्या वाट्याचा निधी व विमा धरून महिन्याचा बोजा सुमारे सात लाखांचा, म्हणजे हजार रुपयांच्या बिलामागे सव्वानऊ रुपयांचा होतो. त्याच हजारामागे मालकाचा नफा सुमारे पन्नास रुपये आहे, त्यामुळे हा बोजा क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही, आणि जेथे विक्री याच्या निम्मी आहे तेथे तो दुप्पट जाणवेल. पण कर वाचल्याने त्यातील दोनेक रुपये सुटतात. दर वर्षी नवी माणसे शोधणे, शिकविणे आणि त्यांच्या चुका निस्तरणे यांवरचा खर्च घटून आणखी काही परत येतात. आणि उरलेल्यातले दोन-तीन रुपये ग्राहकाने बिलात सोसले, तर बिलिंगवरील मुलीच्या हाती कपात जाऊन दरमहा सव्वीसशे रुपये अधिक पडतात, ज्यात बोईसरच्या खोलीचे बहुतेक भाडे निघते.